चिंधूच्या प्रार्थनेत न आलेलं नाव

चिंधूची संध्याकाळची प्रार्थना सुरू झाली की देवकाबाई वरणाचं भांडं चुलीवरून उतरवून झाकून ठेवायची. नवऱ्याच्या प्रार्थनेनंतर गरम जेवायला मिळेल, ही आशा तिने लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोडून दिली होती. बरोबर सात वाजता चिंधू चटईवर मांडी घालून बसायचा, डोळे मिटायचा आणि अख्खं सौंसर एकेक करून देवापुढे उभं करायचा. पोस्टमनचा गुडघा झाला की नागपूर गाडीचा कंडक्टर नत्थूजी आणि त्याचा दमा. मग पानठेलेवाल्या गजाननची गाभण म्हैस. मग बोरगावच्या रघुनाथरावांची विहीर, जिला यंदा पाणी कमी होतं. शेजारपाजारची माणसं काही त्याच्या चर्चची नव्हती, पण अडलं-नडलं की तीही जाता जाता सांगून जायची, "चिंधूभाऊ, आज आमचंई नाव घेजा बरं." आणि चिंधू घ्यायचा. एका गृहस्थाने त्याची सायकल मागून नेली ती कधी परत केली नाही. त्याच्या नावानेही तो दोन मिनिटं देवाशी बोलायचा. फक्त तेव्हा आवाज जरा चढायचा.

एवढ्या लांबलचक यादीत एक नाव मात्र कधीच आलं नाही. ते त्याच्या एकुलत्या एका मुलीचं, विजयमालाचं.

विजयमालाला हे कळायला बरीच वर्षं लागली, कारण लहानपणी ती प्रार्थना संपायच्या आत झोपून जायची. बारा-तेरा वर्षांची झाली तेव्हा जागी राहू लागली आणि कान देऊन ऐकू लागली. आईची पाठदुखी आली. गजाननची म्हैस व्याली त्याबद्दल देवाचे आभार मानून झाले, वगारीचेही झाले. आता आपण, आता आपण, असं करत ती थांबायची, आणि 'आमेन' व्हायचं. एकदा तिने आईला विचारलंच. देवकाबाई पोळी लाटत होती. "तुह्या बाबाचं तसंच आहे व माय," एवढं म्हणून तिने दुसरी पोळी घेतली. कारण तिला ठाऊक होतं, पण त्या घरात तो विषय निघत नसे.

कारण सांगायचं तर चिंधूच्या जन्मापासून सांगावं लागतं. त्याच्या आधी त्याच्या आईची तीन लेकरं गेली होती. चौथं झालं तेव्हा घरच्यांनी तेच केलं जे त्या भागात सगळेच करायचे. पोराला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. ठरल्याप्रमाणे आत्या तिकडून आली, 'कोणाचं बाई हे टाकलेलं पोर' म्हणत तिने ते उचललं आणि एक फाटकी चिंधी घेऊन त्याच्या आईला विकलं. म्हणजे हे पोर आमचं नाही, चिंधीच्या मोलाचं आहे, याच्याकडे बघण्यासारखं काही नाही, अशी वरच्याची समजूत करून द्यायची. पोर जगलं. आणि जगात आल्या आल्या एक धडा शिकलं, की जे जीवापाड हवं असतं ते तोंडाने बोलायचं नसतं.

पुढे तो ज्या धंद्यात पडला तिथेही हीच रीत. चिंधू संत्र्याचे डोळे बांधायचा. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाच्या सालीला चीर द्यायची, तिच्यात संत्र्याच्या फांदीवरून काढलेला डोळा अलगद बसवायचा आणि पट्टीने बांधून टाकायचा. दोन-तीन आठवड्यांनी डोळा हिरवा दिसला की कलम लागली. बोरगावच्या रोपवाटिकेत त्याच्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. पण कोणी तसं म्हटलं की तो घाईघाईने म्हणायचा, "लागते कधी, कधी नाई लागत." बागेत झाड फळांनी लगडलं तरी मालक 'यंदा बरं आहे' यापुढे जात नसे आणि कुंपणाला काळं मडकं टांगून ठेवी. या सगळ्यात चिंधूला वावगं काहीच वाटत नव्हतं.

एकोणीस वर्षांचा असताना तो पांढुर्ण्याला एका म्हाताऱ्या पाळकसाहेबांच्या आवारात डोळे बांधायला गेला आणि एका हिवाळ्यासाठी म्हणून गेलेला दोन हिवाळे तिथेच रमला. पाळकसाहेबांनी त्याला प्रार्थना शिकवली. शिकवली म्हणजे काय, तर सांगितलं की देवाशी रोज बोल, घरच्या माणसाशी बोलतो तसं बोल. हे चिंधूला भलतंच आवडलं. वरच्याला चुकवत जगायचं नाही, त्याच्याशी बोलायचं, ही गोष्ट त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी सांगत होतं. त्याने बाप्तिस्मा घेतला. तिथल्याच देवकाशी लग्न केलं. पहिला मुलगा मुकुंद झाला तेव्हा आत्या सूप घेऊन आली, तर त्याने तिला चहा पाजून सुपासकट परत पाठवलं. आणि रोज संध्याकाळी, छाती भरून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणायचा, "बापा, माह्या मुकुंदासाठी तुझे आभार."

असं दोन वर्षं चाललं. तिसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात मुकुंदाला ताप आला आणि चार दिवसांत पोर गेलं.

सौंसरमध्ये ख्रिस्ती घरं पाच-सहाच. त्यांच्यातले वडीलधारे यशवंतराव गुरुजी; त्यांनी आणि चिंधूने मिळून ओढ्यापलीकडच्या दफनभूमीत खड्डा खणला. लोकांना वाटलं, आता हा प्रार्थना सोडणार. त्याने एक दिवसही चुकवला नाही. पण मनाशी एक गाठ मारून टाकली आणि ती कोणाला सांगितली नाही: आपण नाव घेतलं, म्हणून ते वरच्याच्या डोळ्यात भरलं. दीड वर्षाने मुलगी झाली. देवकाने हौसेने विजयमाला नाव ठेवलं, पाळकसाहेबांनी बाप्तिस्म्याला ते घेतलं. चिंधूने ते देवापुढे एकदाही उच्चारलं नाही.

प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? शाळेत तो तिला सायकलच्या दांड्यावर बसवून न्यायचा आणि दांड्याला गोधडीचा तुकडा गुंडाळायचा. ती झोपली की तिच्या कपाळाला उपड्या हाताने शिवून बघायचा. पण कोणी म्हटलं, "चिंधूभाऊ, पोरगी हुशार आहे तुमची," तर हा म्हणायचा, "कायची हुशार, चालते आपली." विजयमालाला कपाळावरचा हात झोपेत कळायचा नाही. 'चालते आपली' मात्र तिने जागेपणी पुष्कळदा ऐकलं.

१९८६ साली तिचा नागपूरला नर्सिंगला नंबर लागला. त्या पाच-सहा घरांची एक पद्धत होती. कोणाचं लेकरू गाव सोडून निघालं की आदल्या दिवशी सगळे जमायचे आणि बापाने लेकराच्या डोक्यावर हात ठेवून त्याला देवाच्या हवाली करायचं. सगळे जमले. विजयमाला चटईवर गुडघे टेकून बसली. चिंधूने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्याने प्रार्थना केली. नागपूरच्या रस्त्यासाठी केली. गाडीच्या ड्रायव्हरसाठी केली, नत्थूजीच्या दम्यासाठी केली, गाडीच्या टायरांसाठी केली. दवाखान्यातल्या रोग्यांसाठी, डॉक्टरांसाठी. आमेन. पुढे अजून काही येईल या समजुतीने लोक बराच वेळ डोळे मिटून बसले होते. शेवटी गुरुजी खाकरले, तेव्हा सगळ्यांनी डोळे उघडले.

सकाळी बसस्टँडवर ट्रंकेची दोरी आवळताना विजयमाला म्हणाली, "बाबा, टायरांसाठी प्रार्थना केली तुमी. माह्यासाठी एक शब्द नाई निघाला."

चिंधूने दोरीला आणखी एक गाठ मारली, जिची काही गरज नव्हती. "पोचल्यावर पत्र टाकजो," तो म्हणाला.

पत्रं आली. सगळी आईच्या नावाने. शेवटी एक ओळ असायची, 'बाकी सर्वांना नमस्कार.' घरात देवकाबाईखेरीज दुसरं माणूस एकच होतं, तेव्हा बाकी सर्व म्हणजे कोण हे चिंधूला समजत होतं. दिवाळीच्या सुट्टीत ती आलीच नाही. मैत्रिणीच्या गावी जाते आहे, असं तिने कळवलं, आणि नाताळलाही जमेलसं वाटत नाही, असं त्याच पत्रात घातलं. देवकाबाईने ते पत्र घडी करून ठेवलं आणि वीस वर्षांत जे बोलली नव्हती ते बोलली.

"मुकुंदाले देवानं नेलं म्हनता तुमी. हिले तर तुमीच घालवून राहिले."

चिंधू उठला आणि गुरुजींकडे गेला. गुरुजी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. चिंधूने बसल्या बसल्या चार शेंगा सोलल्या आणि मग वीस वर्षांची ती गाठ त्यांच्यापुढे सोडली. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. ते रागीट म्हणून गावात प्रसिद्ध होते, पण आज रागावले नाहीत.

"म्हणजे तू देवाले चोर समजून राहिला," ते म्हणाले.

"नाई गुरुजी. असं कसं म्हणता?"

"मंग काय म्हणू? घरात चांगली वस्तू आहे हे चोराले कळू द्यायचं नसते. तू रोज त्याले ओट्यावर बसवून गावाच्या गोष्टी सांगत राहतो, कायले? तर तो आत येऊ नये म्हणून." त्यांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. "तुह्या मुकुंदासाठी मीही खड्डा खणला रे बाप्पा. तो कायले गेला हे मले आजही नाई समजलं. पण तू नाव घेतलं म्हणून गेला, हे खोटं आहे. बापानं लेकराचं नाव घेतलं म्हणून कोणी लेकरू मारत नाई."

चिंधू घरी आला. पटलं म्हणावं तर पटलं होतं. पण बुद्धीला पटलेलं जिभेपर्यंत यायला वेळ लागतो. संध्याकाळच्या प्रार्थनेखेरीज तो पहाटेही एकटा ओसरीत प्रार्थनेला बसत असे. दुसऱ्या दिवशी त्या पहाटेच्या प्रार्थनेत पोस्टमन झाला, नत्थूजी झाला, आणि जिथे मुलीचं नाव यायला हवं तिथे तो थांबला. नाव आलं नाही. घाम आला. तो तसाच उठून कामाला गेला. पण दुसऱ्या पहाटे पुन्हा तिथेच थांबला, तिसऱ्याही. काही न बोलता देवापुढे बसायची त्याला सवयच नव्हती. आजवर एवढं बोलला होता की समोरचं कोणी आपल्याला काही सांगू बघतंय का, हे ऐकायला उसंतच राहिली नव्हती. आता मात्र हळूहळू पोस्टमन आणि म्हैस लवकर आटपू लागले, आणि गप्प बसणं लांबू लागलं.

दहा-बारा दिवस असे गेले. मग एका पहाटे, मनात काही नसताना, त्याच्या तोंडून नाव निघालं ते विजयमालाचं नव्हे. "मुकुंद," तो म्हणाला. वीस वर्षांनी म्हणाला. आणि त्यामागून सगळंच आलं. तू माह्या मुकुंदाले कायले नेलं, मी तुह्यावर इसवास ठेवला होता, मी आत्याले सुपासकट परत पाठवलं होतं. तो देवाशी भांडला, नाकातोंडातून पाणी येईपर्यंत भांडला. उत्तर काही मिळालं नाही. पण भांडून दमल्यावर, भिंतीला टेकून बसलेला असताना, त्याला एक गोष्ट स्वच्छ जाणवली. वीस वर्षं तो ज्याच्या नजरेपासून लपत होता ती नजर या सगळ्या काळात त्याच्यावरच होती, आणि तिच्यात हाव नव्हती, माया होती. मुकुंदासाठी तो एकटा रडला नव्हता. तो आणि देव, दोघे रडले होते. चिंधीच्या मोलाचं पोर म्हणून आपण वाचलो, असं तो जन्मभर समजत आला होता. आपण कोणाला तरी मनापासून हवे आहोत, हे त्याला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी समजलं. देवकाबाई चहा घेऊन आली तेव्हा तो लहान पोरासारखा डोळे पुसत होता. ती शेजारी बसून राहिली.

त्याच दिवशी त्याने आयुष्यातलं पहिलं पत्र मुलीला लिहिलं. दोन ओळींचं. 'नाताळात घरी येजो. मला तुझ्याशी काम आहे. तुझे बाबा.'

ती आली, बावीस डिसेंबरला, दुपारच्या बसने. कसलं काम म्हणून तिने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. सात वाजता देवकाबाईने वरण उतरवून झाकलं. तिघं चटईवर बसली. चिंधूने डोळे मिटले. विजयमालाही सवयीने पोस्टमनच्या गुडघ्याची वाट बघू लागली.

"बापा, माही विजयमाला," तो म्हणाला. "चार वर्षांची होती तवा चुलीवर हात भाजला तिचा, डावा, त्यासाठी मी तुले तवा काईच नाई म्हटलं, ते आज म्हणतो. पाचवीत पहिली आली, त्याचे आभार राहिले होते. मलेरिया झाला होता, नऊ दिवस मी बाहेर ओसरीत बसून राहिलो, तुह्यापाशी तिचं नाव काढाची हिंमत नाई झाली. तिले कारलं नाई आवडत. ती रडते तवा आवाज नाई करत..."

वर्षामागून वर्ष येत गेलं. तो काहीही विसरला नव्हता. सगळं जपून ठेवलं होतं, नुसतं कोणाला दाखवलं नव्हतं. विजयमालाने डोळे उघडले आणि बापाकडे बघत राहिली. खरोखरच तिच्या रडण्याचा आवाज होत नव्हता. त्या दिवशी पोस्टमन, नत्थूजी आणि रघुनाथरावांची विहीर, सगळेच राहून गेले. वरण तर इतकं गार झालं की देवकाबाईला पुन्हा चूल पेटवावी लागली, आणि पेटवताना ती हसत होती.

इथेच थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण सकाळी चिंधू सायकल पुसत असताना देवकाबाई बाहेर आली आणि म्हणाली, "विजूचं अंग तापलं आहे."

चिंधूने हातातलं फडकं खाली ठेवलं. आत जाऊन त्याने मुलीच्या कपाळाला उपड्या हाताने शिवून बघितलं. चांगलाच ताप होता. तो बाहेर आला आणि सायकलवर टांग मारून निघाला तो थेट बोरगावच्या रोपवाटिकेत. तिथे जंबेरीच्या खुंटांच्या ओळीपुढे बसला, चाकू उघडला आणि तसाच बसून राहिला. काल नाव घेतलं, आज ताप. हे त्याच्या अंगातलं जुनं गणित होतं आणि ते आपोआप सुटत होतं. गप्प राहा, आतून कोणीतरी सांगत होतं, अजूनही गप्प राहा, म्हणजे कदाचित सुटेल.

त्याला भयंकर भीती वाटत होती. पण या वेळी एक फरक होता, आणि तो त्याने स्वतःच ओळखला. या भीतीत तो एकटा नव्हता. जो ओसरीत त्याच्यासोबत रडला होता तो इथेही त्याच्याजवळ होता, आणि चोर नव्हता. आता गप्प राहिलो तर त्याला पुन्हा चोर ठरवल्यासारखं होईल. चिंधूने चाकू मिटला. रोपवाटिकेतल्या माणसाला सांगितलं, पोरगी आजारी आहे, आज काम नाही, आणि तो आला तसा परत निघाला.

तो साधा ताप होता, तिसऱ्या दिवशी उतरला, हे सांगून टाकायला हरकत नाही. पण चिंधूला तेव्हा ते ठाऊक नव्हतं. सायकल भिंतीला लावून, चपला काढून तो आत आला आणि खाटेशेजारी जमिनीवर बसला. बाहेर चांगलं ऊन पडलं होतं, शेजारच्या अंगणात कोणी कपडे धूत होतं. त्याने मुलीचा तापलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पुन्हा सुरुवात केली. "बापा, माही विजयमाला."

तिने डोळे उघडले. "बाबा, हात कापून राहिला तुमचा. भेव वाटून राहिलं का?"

"हो."

"मंग कायले नाव घेऊन राहिले?"

"भेव आहे म्हणूनच," चिंधू म्हणाला. "तुले जेवढा मी जीव लावतो ना, तेवढाच तोही लावते. माह्यापेक्षा जास्तच लावते. आता त्याच्यापासून नाई लपवत तुले. तू झोप."

आणि तिचा हात न सोडता त्याने पुढचं सांगायला घेतलं.